दोषावर बोट

"हो, कर्नल पुन्हा पडला. पहाटे दोनला. आधी नुसता लटकला होता, मग गेलाच. ड्रायव्हरनेच मारला, माझी खात्री आहे. पुरावा कसला? सगळं पुसलं गेलं. तू नको येऊस, आज रात्री मी ड्रायव्हर बदलतो आणि कर्नलला पुन्हा उठवून बघतो. पडला तर पडला!"

फोन खिशात टाकून लिफ्टकडे वळलो, तर मागे कर्नलकाका उभे.

हे कर्नलकाका म्हणजे हाडामांसाचे कर्नल. फौजेतून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेले आणि ओघानेच आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. हातात दुधाची पिशवी, शेजारी त्यांचा ड्रायव्हर. माझं बोलणं ऐकून ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला होता. कर्नल सरकले नव्हते, शिस्त.

"कुणाला मारलं म्हणालास?"

"तुम्हाला नाही, काका," मी म्हणालो. खुलासा म्हणून याहून वाईट वाक्य त्या क्षणी मराठीत उपलब्ध नव्हतं.

लिफ्ट आली. मी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. त्या बटणाच्या वर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक पाटी आहे. आमच्या सोसायटीत अशा पाट्या जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे आहेत. त्या वाचायच्याही असतात, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. सहावा मजला येईपर्यंत मी काकांना माझा धंदा समजावून सांगितला.

लिनक्स काय, विंडोज काय, प्रत्येक कार्यप्रणालीच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी कुणाची, हे तो ठरवतो. म्हणजे सोसायटीचा अध्यक्षच, फक्त याचं ऐकतात. आता कीबोर्ड, कॅमेरा, प्रिंटर यांची प्रत्येकाची बोली निराळी, आणि कर्नलला त्यातली एकही येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूमागे एक दुभाष्या ठेवावा लागतो. तो ड्रायव्हर. तो लिहायचा मला पगार मिळतो. गावाकडे माझी आत्या "भाचा पुण्यात ड्रायव्हरचं बघतो" असं सांगते आणि दरवर्षी एखाद-दुसरा होतकरू मुलगा माझ्याकडे नोकरीला पाठवते. मुलं गाडी उत्तम चालवतात.

"मग तो ड्रायव्हर कर्नलला मारतो कशाला?" काकांनी मूळ मुद्दा सोडला नव्हता.

कारण तो घरजावई असतो. साधा प्रोग्रॅम हा भाडेकरू. त्याचं काही चुकलं तर त्याच्या खोलीतलं भांडं फुटतं, घरमालकाला पत्ताही लागत नाही. ड्रायव्हर मात्र कर्नलच्याच घरात राहतो आणि त्याला स्वयंपाकघरापासून तिजोरीपर्यंत सगळं मोकळं असतं. त्याने मेमरीत एक चुकीचं दार उघडलं की अख्खं घर खाली येतं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने निव्वळ छंद म्हणून लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. आज त्या कर्नलमधला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या ड्रायव्हरांनी भरलेला आहे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कर्नलमधल्या चुकांची मोजदाद केली, तेव्हा ड्रायव्हरांमधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत निघालं. घरजावयांबद्दल समाजाचं जे मत आहे, त्याला विज्ञानाचा एवढा भक्कम आधार दुसरीकडे मिळणार नाही.

कर्नलच्या रागाच्याही पायऱ्या आहेत. आधी तो नुसती कुरकुर करतो. मग 'ऊप्स' म्हणतो. दूध उतू गेल्यावर आपल्याकडे 'अगंबाई' म्हणतात, त्याच जातीचा हा उद्गार, फक्त याच्या खाली चाळीसेक ओळी अगम्य आकडे असतात. शेवटची पायरी पॅनिक. त्यात कर्नलचा धीर सुटतो, तो आहे तिथे थिजतो, आणि कीबोर्डावरचा कॅप्स लॉकचा दिवा नुसता लुकलुकत राहतो.

"आमच्यात असं चालत नाही," कर्नलकाका म्हणाले आणि दूध घेऊन घरात गेले.

माझ्यापुढचं काम तसं किरकोळ होतं. कारखान्यातल्या एका यंत्राला टचस्क्रीन लावायचा होता. कामगाराने पडद्यावर बोट टेकलं की टचची चिप ते ओळखणार, माझा ड्रायव्हर ते कर्नलला सांगणार. साहेबांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हणालो, "दोन." आमच्या क्षेत्रात 'दोन दिवस' याचा अर्थ 'मी अजून ते उघडून पाहिलेलं नाही' असा असतो. साहेबांनाही तो माहीत आहे. म्हणून त्यांनी ग्राहकाला 'एक दिवस' सांगितलं.

पहिला दिवस बोर्डाचा आवाज ऐकण्यात गेला. तळहाताएवढ्या त्या बोर्डाला स्वतःचा पडदा चालू होईपर्यंत तोंड नसतं. त्याचं म्हणणं सिरियल केबलने आपल्या लॅपटॉपवर आणून वाचायचं. तीन तारा: एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची. मी नीटनेटका माणूस. त्याची बोलायची तार माझ्या बोलायच्या तारेला आणि ऐकायची ऐकायच्या तारेला, अशी शिस्तीत जोडली. पडद्यावर शांतता. दुपारी लक्षात आलं, की एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची असते. दोघेही बोलतायत आणि ऐकत कुणीच नाही, ही रचना फक्त टीव्हीवरच्या चर्चेत चालते.

दुसरा दिवस पत्ता शोधण्यात गेला. चिपच्या माहितीपत्रकात तिचा पत्ता छापला होता हेक्स ९०. मी दिवसभर ९० नंबरच्या दारावर टकटक केली. आतून ओ नाही. संध्याकाळी कळलं की पत्ता खरं तर सात बिटांचा असतो आणि आठवं बिट 'वाचायला आलोय की लिहायला' हे सांगण्यासाठी असतं. काही कंपन्या ते आठवं बिट धरून पत्ता छापतात, लिनक्स ते वगळून मागतो. त्यामुळे खरा पत्ता छापलेल्याच्या निम्मा, म्हणजे हेक्स ४८. पेठेत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. छापील पत्त्यावर विश्वास ठेवायला नको होता. रात्री जेवताना मी आनंदाने बायकोला सांगितलं, "नव्वदचं निम्मं अठ्ठेचाळीस होतं, हेच लक्षात आलं नाही गं!" दुसऱ्या दिवसापासून घरखर्चाची वही तिने स्वतःकडे ठेवली.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर जागाच होईना. उठण्याआधी त्याला वीज लागते आणि वीज सोडणारा ड्रायव्हर वेगळा असतो. तो अजून आलेला नसेल तर कर्नलमध्ये ५१७ हा आकडा परत येतो. त्याचा अर्थ 'साहेब जागेवर नाहीत, नंतर या'. ही सोय मला फार आपली वाटली. माझा ड्रायव्हर सज्जन; तो गेला, थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा ५१७ घेऊन गेला. त्याचे हेलपाटे मी दिवसभर कौतुकाने पाहत होतो. शेवटी समजलं, की विजेचा ड्रायव्हर मी बसवायलाच विसरलो होतो. साहेब जागेवर येणं शक्यच नव्हतं. पदच भरलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी चिप बोलू लागली. म्हणजे कधी बोले, कधी रुसून बसे. मग मी आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लाजिरवाणं हत्यार काढलं. बाजारात महागडी निदानयंत्रं मिळतात, पण कर्नल लिहिणारा माणूस अडला की काय करतो, तर आपल्या कोडमध्ये जागोजागी 'इथवर आलो', 'अजून आहे', 'आता चिपशी बोलतो' असे संदेश छापायला लावतो. जत्रेत हरवू नये म्हणून पोराने झाडाझाडावर खडूने खुणा कराव्यात, तसं. मी ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या तीन ओळी घातल्या, आणि काय आश्चर्य! चिप न चुकता बोलू लागली. दहापैकी दहा वेळा. मी खूश होऊन त्या ओळी काढल्या. चिप गप्प. घातल्या, बोलली. काढल्या, गप्प.

निरीक्षण करायला गेलं की नाहीशा होणाऱ्या अशा दोषाला भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या नावावरून 'हायझेनबग' म्हणतात. दंतवैद्याच्या दारात पाऊल टाकताच दाढ दुखायची थांबते, त्यातलाच हा प्रकार. दोन रात्री जागून मी त्याचा हिशोब लावला. आमची सिरियल केबल सेकंदाला ११,५२० अक्षरं वाहून नेते. ऐंशी अक्षरांच्या ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद, तीन ओळींना २१. म्हणजे 'इथवर आलो, अजून आहे' अशी माझी बडबड चालू असताना चिपला २१ मिलिसेकंदांची डुलकी मिळत होती, आणि तेवढी झाली की ती ताजीतवानी होऊन कामाला लागत होती. माहितीपत्रकात तिला ५ मिलिसेकंद पुरतात असं लिहिलं होतं. पण त्या पत्रकाचं एक शुद्धिपत्रक होतं, त्यात '५ च्या जागी २० वाचावे' अशी ओळ होती. ते शुद्धिपत्रक माझ्या इनबॉक्समध्ये तीन महिने न उघडता पडून होतं.

ठीक आहे, चिपला झोपू देऊ. मी आनंदाच्या भरात ठिकठिकाणी 'इथे २० मिलिसेकंद थांब' असं लिहून टाकलं, आणि त्यातली एक ओळ नेमकी नको तिथे पडली. चिपला काही सांगायचं असलं की ती एका तारेवरून कर्नलला ढोसते, त्याला इंटरप्ट म्हणतात. तो आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो; त्या क्षणी ड्रायव्हरने झोपायचं नाही, हा कर्नलमधला कडक नियम. आंतरपाटाआड उभ्या असलेल्या नवरदेवाने मंगलाष्टकं चालू असताना डुलकी काढावी, तसं माझ्या ड्रायव्हरने केलं. कर्नलने तिथल्या तिथे त्याच्या नावाने बोंब मारली आणि मांडव कोसळला. लिफ्टसमोरचा तो फोन याच रात्रीनंतरचा.

झोपेची जागा बदलली. सातवा दिवस उजाडला आणि मग खरी साडेसाती सुरू झाली.

यंत्र चालू होई, पडदा मिनिटभर झकास चाले आणि मग बोटाला ओळख देईनासा होई. कर्नलच्या नोंदवहीत एकच ओळ: हा इंटरप्ट आला, पण त्याची कुणालाच पर्वा नाही. हे भाषांतर माझं नाही, कर्नल खरोखरच इंग्रजीत असं लिहितो. तारेवरून ढोसणं चालू आहे, पण माझा ड्रायव्हर चिपला विचारतो तर ती म्हणते, "छे, मी नाही हाक मारली." एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त हाकांना कुणी वाली निघाला नाही, की कर्नल वैतागून ती तारच बंद करतो. एक लाखापर्यंत वाट पाहणारा सोशिक अध्यक्ष मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या तिसऱ्या तक्रारीला फोन बंद होतो.

हाका कोण मारतंय? मी सल्ल्यासाठी जगभरातल्या जाणकारांना लिहिलं. त्यांनी पहिल्यांदा सोवळं पाहिलं. बाहेरून आणलेला, मूळ लिनक्समध्ये सामील न झालेला ड्रायव्हर घातला की कर्नल स्वतःवर एक शिक्का मारून घेतो, की मी आता बाटलो. माझ्या ड्रायव्हरने कर्नल बाटवला होता. उत्तर आलं: आधी शुद्ध कर्नलवर हाच दोष दाखवा, मग बोलू. पण शुद्ध कर्नलमध्ये माझा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही तर दोष कुठून येणार? प्रायश्चित्त घेऊनही पंगतीत पान मिळेना.

मग सुरू झाला आमच्या धंद्यातला खरा खेळ: बोटं दाखवणं. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर ही एकाच घरातली दोन बिऱ्हाडं. नळ गळला तर तो वरच्यांचा, भिंत ओलावली तर ती खालच्यांची. मी हार्डवेअरवाल्याकडे गेलो.

"तुझा बोर्ड खोट्या हाका मारतोय."

"बोर्ड उत्तम आहे. मी मोजलाय."

"कधी?"

"चालू नसताना."

"चालू असताना मोज की."

"चालू असताना तुझा ड्रायव्हर असतो ना त्यात!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये चक्क एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं, की प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच घटना. ती वही आता अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. केवढी भाग्यवान माणसं! दोष चिमट्यात धरून समोरच्याला दाखवता आला. मी बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. मला फक्त कालच्या फरसाणातली एक शेव सापडली. तिच्यावर मी काही काळ आशा ठेवून होतो.

नवव्या दिवशी ग्राहकापुढे प्रात्यक्षिक होतं. मी मनाला धीर द्यायला इतिहास आठवला. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, विंडोज ९८ किती सहज नवीन उपकरणं ओळखतं हे दाखवायला एक स्कॅनर जोडला गेला, आणि हजारो लोकांसमोर पडदा निळा झाला. म्हणून तर आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, असं म्हणून गेट्सनी हशा वसूल केला. आमच्या ग्राहकासमोर पडदा मिनिटभर चालला आणि मेला. मी म्हणालो, "म्हणून तर आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही." कुणी हसलं नाही. विनोदाला बाजारभाव लागतो, हे मला उशिरा कळलं.

ग्राहक गेल्यावर रागारागाने मी टचस्क्रीनची पट्टी जिथे बोर्डाला जोडलेली असते, तिथे बोट दाबलं. सैल असेल, दुसरं काय! आणि पडदा चालू लागला. बोट काढलं, मिनिटभरात बंद. यंत्र पुन्हा सुरू करून बोट ठेवलं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, व्यवस्थित चालू. मराठीत 'दोषावर बोट ठेवणे' म्हणतात ते मी अक्षरशः केलं होतं, फक्त दोष कोणता ते कळलेलं नव्हतं.

"साहेब, चालतंय!"

"शाब्बास! काय होतं?"

"माहीत नाही. पण मी इथे बोट ठेवलं की चालतं."

साहेब शांतपणे म्हणाले, "मग प्रत्येक यंत्राबरोबर एक इंजिनिअर द्यायचा का?" त्यावर खरेदी विभागाने मान वर न करता सांगितलं, की ते महाग पडेल, सुटं बोट कुठे मिळतं का पाहू.

शनिवारी मी बोर्ड घरी आणला. डावं बोट बोर्डावर, उजव्या हाताने कीबोर्ड, आणि पडद्याला स्पर्श करायला बायको. "नेमकं काय सिद्ध करायचंय?" तिने दर पाच मिनिटांनी विचारलं. पावसाळी दमट हवा. घामेजलेल्या बोटाने तर काम आणखीच चोख होत होतं. मी तिला म्हणालो, "माझ्या बोटात गुण आहे." ती म्हणाली, "मिक्सरच्या झाकणावर मीही रोज हात दाबून धरते. मी त्याला गुण म्हणत नाही, नवा मिक्सर आण म्हणते."

दाराची बेल वाजली. देखभाल खर्चाची पावती घेऊन कर्नलकाका आले होते. बोट काढता येत नसल्याने मी बसूनच नमस्कार केला.

"हाच का तो कर्नल?" त्यांनी चष्मा चढवला आणि टेबलावर वाकून बोर्डाची अशी पाहणी सुरू केली, की मला आपोआप पोट आत घ्यावंसं वाटलं. बोर्डाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर एका रांगेत बसवलेले असतात. काकांनी ती रांग डावीकडून उजवीकडे पाहिली, आणि एका जागी थांबले.

"इथला जवान कुठे आहे?"

रांगेत सहा जागा होत्या, पाच रेझिस्टर. सहावी जागा रिकामी, माझ्या बोटाच्या नखाखाली.

मी तज्ज्ञाच्या सहनशीलतेने हसलो. "काका, बोर्डावर अशा रिकाम्या जागा असतातच. काही भाग मुद्दाम लावत नाहीत."

"मुद्दाम का लावला नाही, हे कुणीतरी लिहून ठेवलं असेल ना?"

त्यांना दार उघडून द्यायला मी उठलो, पडदा बंद पडला, आणि माझ्या डोक्यातला दिवा लागला. ती जागा इंटरप्टच्या तारेचीच होती. चिप त्या तारेला फक्त खाली ओढू शकते. एरवी तिला वर धरून ठेवायला एक रेझिस्टर लागतो. तो नसला की तार वाऱ्यावर सोडलेल्या दोरीसारखी हेलकावत राहते, आणि कर्नलला वाटतं, हाक आली, हाक आली. शेजारीच ३.३ व्होल्टची पिन. दोन्हींवर मिळून टेकलेलं माझं घामट बोट हाच तिथला रेझिस्टर! नऊ वर्षांच्या अनुभवानंतर मला पहिल्यांदाच हार्डवेअरमध्ये काम मिळालं होतं.

सोमवारी मी विजयी मुद्रेने बैठकीत शिरलो. शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं, की एक बोट दुसऱ्याकडे दाखवलं की तीन आपल्याकडे वळतात. मी खबरदारी म्हणून संपूर्ण पंजाच हार्डवेअरवाल्याकडे केला.

"रेझिस्टर लावलाच नाहीत तुम्ही!"

हार्डवेअरवाल्याने खरेदीकडे पाहिलं. खरेदीने यादी काढली. यादीत त्या रेझिस्टरपुढे लिहिलं होतं: लावू नये. "ही यादी यांचीच," खरेदी म्हणाली.

"बरोबर आहे," हार्डवेअरवाला म्हणाला. "गरजच नाही त्याची. प्रोसेसरच्या आत तसाच रेझिस्टर आहे. सॉफ्टवेअरने एक शब्द लिहिला की तो लागू होतो. सोबतच्या टिपणात पान ४३ वर लिहिलंय. ठळक अक्षरात. मेल केलं होतं मार्चमध्ये."

बैठकीत शांतता पसरली. कुणीतरी पान ४३ पडद्यावर लावलं. खाली रेघसुद्धा मारलेली होती.

प्रोसेसरची कुठली पिन कशी वागवायची, याची एक यादी ड्रायव्हरसोबत असते. ती ओळ कुणी लिहिली, हे शोधायला आमच्याकडे एक आज्ञा आहे. तिचं नावच 'ब्लेम'. इतकं प्रामाणिक नाव कुठल्याही खात्यात ठेवलेलं नसेल. साहेबांनी ती सगळ्यांदेखत चालवली. प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव उमटतं. मला ते वाचायची गरज नव्हती. मी खिडकीतून बाहेरचा पाऊस पाहत होतो.

'वर ओढ' एवढ्या अर्थाचा एक शब्द मी त्या ओळीत घातला. अकरा दिवस, एक शब्द. कुठलाही कवी या वेगाला हसेल. यंत्र सुरू केलं. पडदा चालला. मी सवयीने बोर्डावर बोट ठेवायला गेलो. हार्डवेअरवाल्याने माझा हात बाजूला केला. तासाभराने साहेब म्हणाले, "काय होतं नेमकं?" मी म्हणालो, "हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातला समन्वय." मोठ्या पदावरच्या माणसांना हे उत्तर नेहमी आवडतं, कारण तेही असंच वर पाठवतात.

मात्र पुढच्या माणसाची माझ्यासारखी गत होऊ नये, म्हणून मी ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी सूचना लिहिल्या. वाचून पाहिल्या तर माझाच जीव दडपला. 'येथे २० मिलिसेकंद थांबावे. माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये.' 'येथे झोपू नये.' 'हा शब्द काढू नये. काढल्यास बोट ठेवावे लागेल.' पेठ सुटली तरी पाटी सुटत नाही. एवढ्या प्रेमाने लिहिलेल्या या पाट्या आता लाखो ओळींच्या गर्दीत टांगलेल्या आहेत आणि कधीतरी कुणीतरी त्या नक्की वाचेल, अशी मला पान ४३ च्या लेखकाइतकीच आशा आहे.

संध्याकाळी खाली लिफ्टपाशी कर्नलकाका भेटले. ड्रायव्हर या वेळी मागे सरकला नाही, पण माझ्या हातांवर नजर ठेवून होता.

"काय रे, कर्नल कसा आहे?"

"उभा आहे, काका. तुमच्यामुळेच. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत."

"आणि लावला का तो जवान?"

"आतच होता. बोलवायचं राहिलं होतं."

"कुणाचं?"

लिफ्टचं दार उघडलं, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. आत शिरून मी सहाचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. दार मिटेना. मी आणखी जोर लावला. दार मिटायला लागलं, थबकलं, पुन्हा उघडलं.

"तीन महिने झाले, नवीन लिफ्ट बसवून," कर्नलकाका म्हणाले. "तरी अख्खी सोसायटी लिफ्टवाल्याला शिव्या घालते." आणि त्यांनी माझ्या बोटाच्या वर, बरोबर डोळ्यांसमोर लावलेल्या पाटीकडे मान वळवली.

'बटण एकदाच दाबावे व बोट काढावे. बोट ठेवल्यास दार मिटत नाही.'

मी बोट काढलं. दार मिटलं.